चाचांचा पाण्याचा ग्लास

फ्रिज दुरुस्त करायला आलेला माणूस पहिल्या दिवशी काहीच न करता निघून जातो, हे ज्यांनी आमच्या चाचांना पाहिलं नाही त्यांना पटायचं नाही. चाचा यायचे, पान्यांची पिशवी दाराशी ठेवायचे, फ्रिज उघडून आत उजवा तळहात धरायचे आणि डोळे मिटायचे. मग पाण्याचा ग्लास मागून घ्यायचे, त्यात खिशातलं काचेचं थर्मामीटर उभं करायचे, ग्लास मधल्या कप्प्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "उद्या सकाळी येतो. तोपर्यंत बटणाला कुणी हात लावायचा नाही." मे महिन्यात, जळगावच्या उन्हात, हे ऐकून घरातल्या बाईला काय वाटत असेल! मीही त्यांच्या पाठीमागे पुष्कळ चरफडले आहे.

चाचांचं म्हणणं असं, की बहुतेक घरांत थर्मोस्टॅट बिघडलेलाच नसतो. फ्रिज भिंतीला चिकटवलेला असतो, नाहीतर गरम दुधाचं पातेलं तसंच आत गेलेलं असतं. दाराचं रबर तपासायला ते वर्तमानपत्राचा कपटा दारात धरून दार लावायचे आणि कपटा ओढायचे. सहज निघून आला, तर रबर गेलं. शेजारच्या वहिनींनी तर नवा थर्मोस्टॅट आणूनच ठेवला होता. चाचांनी फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि नवा थर्मोस्टॅट दुकानात परत करायला लावला.

उन्हाळा लागला की आमच्याकडे घरोघर फ्रिजचं बटण सातवर जातं. चाचांना याची भारी चीड. "बटण म्हणजे काय नळ आहे का, जास्त फिरवला की जास्त येईल?" असं ते विचारायचे आणि बटण तीनवर आणून ठेवायचे. त्यांची पाठ वळली की आम्ही ते परत सातवर न्यायचो.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या घरी मोठं वाजलं. आबा, म्हणजे माझे सासरे, एरंडोलकडचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांना मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन. ते टोचायचं काम माझं. आणि रोज सकाळी तपासावं तर साखर चढलेली. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी तीच गत. पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. मी घाबरून गेले होते. त्यात घरात आंब्यांची आढी लावलेली, आणि आबांचं आंब्याचं वेड सगळ्या भावकीला माहीत.

मी आंबे मोजायला लागले. एके दिवशी दोन कमी भरले. (ते माझ्या नवऱ्याने खाल्ले होते, हे फार उशिरा कळलं.) मी तडक आबांपुढे जाऊन उभी राहिले. "आबा, जिवाशी का खेळता?"

आबा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "मी एक फोड बी खादी नही शे, माय. माले खोटं बोलानी सवय नही."

मी जाऊन आंब्यांच्या खोलीला तेवढं कुलूप लावलं. त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलेनासे झाले. ताटही बाहेरच्या खोलीत मागवून घेऊ लागले.

त्याच आठवड्यात फ्रिजमधली कोथिंबीर गोठून काळी पडली, दुधात बर्फाचे तुकडे दिसले, म्हणून चाचांना बोलावलं. त्यांनी तळहात धरला, डोळे मिटले. "फार थंड," म्हणाले. मग आतली एकेक वस्तू बघत गेले. वरच्या कप्प्यात, बर्फाच्या खणाला टेकून एक शिशी होती.

"हे कुणाचं?"

"आबांचं इन्सुलिन," मी म्हटलं आणि ओघात आंब्यांचं सगळं गाऱ्हाणं त्यांच्या कानावर घातलं. चाचांनी शिशी उचलून उजेडात धरून पाहिली.

"बेटी, ही आता टोचू नको. आधी डॉक्टरला फोन कर. नवी आण आणि वहिनींच्या फ्रिजमध्ये ठेव." एवढं बोलून त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लासातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. थर्मामीटर शून्यावर. चाचांनी तो ग्लास मला दाखवला नाही. ते सरळ बाहेरच्या खोलीत गेले आणि तो आबांपुढे धरला.

"बघा आबा, हे पाणी गोठलं, तसंच तुमचं औषध गोठत होतं. गोठलं की त्यातला दम जातो. तुम्ही आंबा खाल्ला नाही. फ्रिजने औषध खाल्लं."

मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात: "बेटी, मी थर्मोस्टॅटवरसुद्धा एका दिवसात आळ घेत नाही."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी आबांच्या पाया पडले आणि रडले. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे, माय. आते ते कुलूप काढ."

चाचांनी मग पिशवी उघडली. थर्मोस्टॅटची बारीक नळी बर्फाच्या खणावरून सुटली होती. त्यामुळे त्याला थंडी कळत नव्हती आणि मशीन थांबत नव्हतं. त्यांनी नळी पुन्हा जागेवर बसवली, बटण तीनवर आणलं आणि माझी नेलपॉलिश मागून तिथे लाल खूण केली. नव्या औषधाने चार दिवसांत आबांची साखर उतरली. डॉक्टरांनी वाढवलेला डोसही कमी केला. ती खूण ओलांडून आमच्या घरी बटण पुन्हा कधी गेलं नाही.

पुढे चाचांची उजवी बाजू लुळी पडली आणि त्यांची मुलगी त्यांना धुळ्याला घेऊन गेली. गेल्या हिवाळ्यात मी भेटायला गेले. तीच आमची शेवटची भेट. जीभ शाबूत होती, पण उजव्या तळहाताला काही म्हणजे काही कळत नव्हतं. चाचांना मात्र वेगळीच काळजी. "बेटी, इथला फ्रिज मला बरोबर वाटत नाही. जरा बघून सांग."

मी स्वयंपाकघरात गेले, फ्रिज उघडला, तळहात आत धरला आणि त्यांच्यासारखे डोळे मिटले. परत येऊन सांगितलं, "ठीक आहे, चाचा."

पण मलाच खात्री वाटेना. म्हटलं, "पाण्याचा ग्लास ठेवू का? मी आज इथेच मुक्कामाला आहे, उद्या सकाळी बघू."

"कशाला?" चाचा म्हणाले. "तू सांगितलंस ना."

त्या मे महिन्यात आबांनी फोड खाल्ली नाही म्हटल्यावर मीही एवढंच म्हणायला हवं होतं.