जड झालेली पालखी

“तुम्ही जाऊन या वहिनी, मी चपला सांभाळतो.”

देवळाच्या पायरीशी आलो की आमच्या शेजारच्या भावोजींचं हे ठरलेलं. आम्ही बायका आत घंटा बडवायचो आणि हे बाहेर चपलांच्या ढिगाशी पेपर वाचत बसायचे. तुमच्याही गावात असा एखादा असेल, बघा. आहे तोवर त्याच्याशी नीट बोला. आमचे भावोजी आता नाहीत.

पोलादपूरपासून थोडं आत आमचं गाव. भावोजी विमा एजंट. देव मानत नव्हते, पण तोंड गोड. कुणी म्हणालं, “आमचा देव हाय की बघायला,” की हे लगेच पिशवी आवरायचे. “मग राहिलं. देव तारी त्याला कोण मारी! निघतो मी.” समोरचा हसत हसत सही करायचा. मी म्हणायचे, मेल्यावर कळेल तुम्हाला. ते म्हणायचे, “कळलं तर पहिलं तुम्हाला येऊन सांगेन.”

शिमग्याला देवीची पालखी घरोघर फिरते. मधेच कुठं ती जड होते, पुढं सरकत नाही. देवीच्या मनात काहीतरी आहे, असं आम्ही मानतो. मीसुद्धा मानते. भावोजी म्हणायचे, “मागच्यानं पाय रोवले की देवी जड होते.” मी म्हणायचे, जीभ झडेल हो!

हमीदाचाचीच्या दारात मात्र पालखी थांबायचीच. तिच्या आजेसासूच्या आधीपासूनचा मान आहे तो. मशालीत तेल तिनं ओतायचं, मग पालखी पुढं. यात कधी कुणाला वावगं वाटलं नव्हतं.

मग भावोजींचा पुतण्या प्रमोद मुंबईहून कायमचा परत आला. काकाच्या अंगाखांद्यावर वाढलेला पोरगा. आता गळ्यात गमछा, मागं पोरांचा घोळका आणि तोंडावर पंचायतीची निवडणूक. देवळातल्या सभेत उभा राहिला. “आता सिस्टिम बदलायची. तेल आपल्याच घरचं पायजे. पालखी तिथं थांबणार नाय.”

म्हातारे खाली बघत बसले. भावोजी म्हणाले, “देवीनं तक्रार केली काय रे तुझ्याकडं?” पूर्वी त्यांच्या अशा बोलण्यावर पोरं खो खो हसायची. त्या दिवशी एकही हसला नाही.

शिमग्याला चाची नेहमीसारखी तेलाचं भांडं घेऊन अंगणात उभी होती. तिला सांगायचं धाडस कुणालाच झालं नव्हतं. दिवेलागणीला पालखी आली ती धावतच. तेवढ्यात भावोजी पुढं झाले आणि मागच्या भोयाला म्हणाले, “दे रे, मला खांदा देऊ दे.” जन्मात पालखीला हात न लावलेला माणूस! पोरं खूश. काका आले, काका आले!

आणि चाचीच्या दारात पालखी थांबली. पुढचे ओढताहेत, ती हलेना.

“जड झाली! देवी थांबली रे!” म्हातारे ओरडले. सगळ्यांनी हात जोडले, प्रमोदनंसुद्धा. चाचीनं रडत रडत तेल ओतलं. मी भावोजींकडं बघितलं. घामानं डबडबले होते, आणि टाचा मातीत रुतलेल्या.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले. म्हटलं, झकास केलंत. ते कपाला शिवेनात.

“वहिनी, मी तोंड न उघडता खोटं बोललो. सांगून टाकतो सगळ्यांना.”

“डोकंबिकं फिरलंय काय? त्या बाईला अजून इथंच राहायचंय.”

मग ते गप्प राहिले. लोक म्हणू लागले, देवीनं नास्तिकाला ओढून आणला. बायका त्यांच्या पाया पडायला जायच्या आणि हे मागल्या दारानं पळायचे. माणूस वाळत चालला. बोलता बोलता मधेच थांबून म्हणायचे, “त्या दिवशी प्रमोद माझ्या पायांकडं बघत होता हो.”

पुढच्या शिमग्याला पालखी चाचीच्या अंगणाच्या अलीकडंच थांबली. मागं प्रमोदचा खांदा. “देवीला तिकडं जायचं नाय! पाऊल उचलत नाय!” पोरांनी दुसऱ्या वाटेला तोंड फिरवलं, तशी पालखी फुलासारखी हलकी. पुन्हा तेच म्हातारे, तेच जोडलेले हात.

भावोजी वेड्यासारखे धावले. “अरे, देवीबिवी काय नाय! त्यानं पाय रोवलेत! गेल्या वर्षी मी रोवले होते!”

प्रमोदनं आवाजसुद्धा चढवला नाही. “काका, गेल्या वर्षी देवी बोलली ती तुम्हाला चालली. यंदा चालत नाय?”

कुणीतरी भावोजींना दंडाला धरून बाजूला केलं. पालखी निघून गेली.

चाची भांडं घेऊन तशीच उभी होती. भावोजी तिच्याजवळ गेले. “चाची, तुझ्या दारात देवी थांबली नव्हती गो. तो मी होतो.”

“राहू दे भाऊ,” ती म्हणाली. “गेल्या साली ती माझ्यासाठी थांबली, मी भरून पावले. यंदा तिलाच मी नको हाय. पोरांना कशाला बोल लावू?”

तिनं आत जाऊन कडी लावली. मला रडू आवरेना. भावोजी दोन्ही हातांनी त्या दारावर थापा मारत होते. “चाची, दार उघड! तो मी होतो! ऐक गो माझं, देवीची शपथ घेऊन सांगतो, तो मीच होतो!”