प्रवाशांसकट ठाण्यात शिरलेली बस

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आठवायला मला आता जुनी डायरी उघडावी लागते. ही एक लागत नाही. ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो.

गेल्या महिन्यात माझा जवाई गेला. धाकट्या बहिणीचा नवरा, पण त्याच्या कितीतरी आधीपासून शाळेतल्या एकाच बाकावरचा मित्र. चारचौघांत मी त्याला ‘जवाईबुवा’ म्हणायचो, तो मला ‘दादा’. दोघंच असलो की दोन्हीकडून ‘काबे’. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं. मोर्च्यांपुढे भोंग्यावरून बोललेला माणूस मी, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना. जे बोलायचं होतं ते इथे लिहितो. खात्यातल्या सवयीने कुणाचं नाव घेत नाही, त्याचंही नाही.

तो एसटीत कंडक्टर होता. झरी जामणीच्या जंगलातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांकडून, म्हणजे वस्त्यांकडून, मुकुटबनमार्गे वणीला जाणारी गाडी बरीच वर्षं त्याच्याकडे होती. मी तेव्हा त्याच पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. बाजाराचा दिवस होता. निम्मे कर्मचारी बंदोबस्ताला गेलेले. मी स्टेशन डायरी तपासत बसलो होतो, तेवढ्यात त्याचा फोन आला.

“दादा, नमस्कार. माय कशी हाय? औषध घेते ना टायमावर?”

माझी आई जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. तिच्या तिरडीला त्यानेही खांदा दिला होता.

मी म्हटलं, “बरी आहे. बोला.”

“पोरीले बरं नाही. तिले घेऊन येऊन राह्यलो. मोठं फाटक उघडं ठेवा, गाडी आत घ्या लागते. वीस मिनिटांत पोचतो.”

फोन बंद. त्याला दोन मुलगे. मुलगी नव्हतीच.

त्याच्याजवळ कुणीतरी ऐकत बसलं आहे, एवढं उघड होतं. मी ठाणे अंमलदाराला फाटक उघडायला सांगितलं. आवारात जप्त मोटरसायकलींचा ढीग होता, तो चौघांनी मिळून भिंतीकडे सारला. महिला शिपाई तयार ठेवली. काय येणार आहे याची मला काहीच कल्पना नव्हती.

बस आली ती रस्ता सोडून थेट आवारात घुसली. मागे फाटक लागलं. प्रवाशांचा एकच गलका झाला. “अरे, इथं कायले आणली गाडी?” आणि त्याच क्षणी मागच्या संकटकालीन खिडकीतून एका माणसाने उडी टाकली. कुंपणावरून पलीकडच्या तुरीच्या वावरात तो पळाला. माझे दोन शिपाई धावले, पण त्यांच्याही पुढे आमचे जवाईबुवा, गळ्यात तिकिटाची मशीन तशीच लटकलेली. वजनदार माणूस, तरी त्या दिवशी काय धावला! मी पोचलो तेव्हा तो त्या माणसाच्या पाठीवर बसला होता, पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली, आणि शिपायाला विचारत होता, “मशीन फुटली तं नाही ना?”

पुढच्या सीटवर एक बाई होती आणि तिच्या मांडीवर चारेक वर्षांची मुलगी. बाई अगदी शांत होती. म्हणाली, ही माझ्या जेठाची, मोठ्या दिराची पोर, आईबाप कामाला बाहेरगावी गेलेत, हिला ताप आहे म्हणून वणीला दवाखान्यात नेते. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. हरवल्याची तक्रार कुठेच नव्हती. मी बाजारातल्या आमच्या माणसांना चौकशी करायला सांगितलं, पण खरं सांगतो, माझा धीर सुटत चालला होता. तक्रार नसताना बसभर माणसं मी ठाण्यात कोंडली होती.

जवाईला बाजूला घेऊन म्हटलं, “काबे, चुकला असशील तर तुझी नोकरी आणि माझी वर्दी, दोन्ही जातील.”

“जाऊ दे. पन पोरगी नाही जाऊ द्यायची,” तो म्हणाला. “आयक. पोरगी रडून राह्यली होती. मी तिले कोलामीत इचारलं, काय पायजे? ते बोलली, मले घरी जाचं हाय. तं हे बाई मले काय म्हणे मालूम? ‘कंडक्टरसाहेब, काय म्हणते ही?’ घरच्या लेकराची बोली हिले समजत नाही अन मले समजते?”

पळालेल्या माणसाला मी वेगळ्या खोलीत बसवलं होतं. बाईला ओळखतच नाही, पोलीस पाहून घाबरून पळालो, असं तो म्हणत होता. पंचांसमोर झडती घेतली तेव्हा त्याच्या खिशात तिकीट निघालं. तिकीट एकच, पण दोन माणसांचं.

“मीच देल्लं,” जवाई म्हणाला. “यानं पुढच्या बाईकडे बोट दाखवलं होतं. मंग माह्या मागच्याच सीटवर येऊन बसला, म्हणून फोनवर तसं बोला लागलं.”

मुलगी महिला शिपायाच्या कडेवर गप्प होती. जवाई तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला आणि हळूहळू कोलामीत बोलायला लागला. ती आधी एकेक शब्द, मग भरभर बोलू लागली. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

“काबे, हिची मोठी बहीण हाय. तिले जीपमधे बसवून नेलं. बाजारातूनच.”

मी परत त्या खोलीत गेलो. आवाज चढवला नाही. समोर बसून एवढंच विचारलं, “मोठी कुठे आहे?”

मोठीबद्दल आम्हाला कळलं असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चौकशीत माणूस काय बोलतो त्यापेक्षा कुठे पाहतो याकडे मी नेहमी लक्ष ठेवत आलो. म्हणजे जीप अजून कुठेतरी यांची वाट पाहत थांबलेली होती! मी म्हटलं, “तिला काही झालं तर त्याचा गुन्हाही तुझ्यावर लागेल. आता सांग.” दोन मिनिटांत त्याने जागा सांगितली. पांढरकवड्याच्या रस्त्यावर एका फाट्याजवळ ढाबा. हे दोघं पोचले की सगळे मिळून तेलंगणात जाणार होते.

शेजारच्या ठाण्याला नाकाबंदीचा संदेश दिला आणि गाडी काढली. जवाईला बरोबर घ्यायचं होतं, पण त्याची बस? प्रवाशांना एव्हाना सगळं कळलं होतं. मघाशी सगळ्यात जास्त ओरडणारे एक म्हातारे खिडकीतून म्हणाले, “जा कंडक्टर, आमी बसतो. पोरीले घेऊनच या.”

आम्ही पोचलो तेव्हा जीप सुरू होत होती. आमच्या चालकाने गाडी तिच्यासमोर आडवी घातली. ड्रायव्हर आणि आणखी एक बाई जागच्या जागी सापडले. मागच्या सीटवर सातेक वर्षांची मुलगी, हातात नव्या बांगड्या आणि न फोडलेला बिस्किटांचा पुडा. खाकी पाहून ती आणखीच आत सरकली. जवाईने मला मागे हो म्हणून खूण केली. लांबूनच त्याने तिला धाकटीचं नाव सांगितलं, आणि आणखी काहीतरी. पोर उठली आणि धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली. मी वायरलेस उचलून नाकाबंदी उठवायचा संदेश दिला.

ठाण्यात परतलो तर बाजारातल्या शिपायाने आईबापाला शोधून आणलं होतं. टोपल्या विकायला आलेली पोडावरची माणसं. दोन्ही लेकरं दिसली तशी ती माय जागीच बसली. बसमधले सगळे खाली उतरून उभे होते, कोणी डोळे पुसत होतं, कोणी हसत होतं. मग जवाईने घंटी दिली आणि तीन तास उशिराने बस वणीकडे निघाली.

मी त्याला नंतर विचारलं, कोलामी तुला कुणी शिकवली? म्हणाला, “कोन शिकवते? रोजच्या फेरीत बसनाऱ्याले एक शब्द इचारायचा.” मी त्या भागात तीन वर्षं अधिकारी होतो आणि मला एकही शब्द येत नव्हता. त्यानंतर जिथे बदली झाली तिथली बोली आधी शिकलो, आणि ठाण्यात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न त्याच्या बोलीत विचारायची सवय लावून घेतली.

तपासाचं प्रशस्तिपत्र मला मिळालं. कागदात तो फक्त साक्षीदार आहे. मी एकदा त्याबद्दल हळहळलो तर म्हणाला, “काबे, तुह्या घरी भिंत हाय फ्रेम लावाले. माह्या घरी बहीण तुहीच हाय, ते काय लावू देते?” आणि खदखदून हसला.

त्या केसवर तपास अधिकारी म्हणून माझी सही आहे. आज एवढी दुरुस्ती करतो. ती केस त्याने उघडकीस आणली. मी फक्त फाटक उघडलं.