एकादशीच्या सकाळची फोडणी

आमच्या घरात अंडे प्रथम आले ते माझ्या कोटाच्या खिशातून. मी तेव्हा सोलापुरात एका शाळेत गणित शिकवीत होतो. लग्नाला फार वर्षे झाली नव्हती आणि पत्नी नुकतीच लांबलेल्या विषमज्वरातून उठली होती. उठली असे म्हणायचे एवढेच. खाटेवरून दारापर्यंत यायचे तरी तिला भिंत धरावी लागे. डॉक्टरांनी औषधाची बाटली बाजूला सारली आणि सांगितले, की रोज सकाळी अंडे आणि पाव द्या. अंगात रक्त भरले नाही तर दुखणे छातीवर जाईल. मी चाचरत विचारले, त्याऐवजी दूध वाढवले तर चालेल का? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की पुढचा प्रश्न मी गिळून टाकला. तरीही घरी येताना मनात आलेच, की हे गृहस्थ साहेबाच्या कॉलेजात शिकलेले. रोगी बरा करण्यापेक्षा त्याला बाटवण्याचीच त्यांना हौस नसेल ना?

पत्नीला पटवणे मला वाटले होते तितके कठीण गेले नाही. तिने एवढेच विचारले, "काकूंना कळलं तर?"

काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. त्या विधवा होत्या, एकट्या होत्या, आणि त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आमचे बिऱ्हाड होते. जागा देताना त्यांनी भाड्याविषयी फारसे काही विचारले नव्हते. घरात अभक्ष्य येणार नाही ना, एवढेच तीन-तीन वेळा विचारून घेतले होते. आमच्या आधीच्या भाडेकरूकडे कोणी पाहुणा अंडी घेऊन आला, तर त्याच संध्याकाळी त्यांची ट्रंक आणि वळकटी रस्त्यावर आली, असे गल्लीत सांगत. उन्हाळा तोंडावर होता. अंगणातल्या आडाला पाणी असलेली जागा सोलापुरात उन्हाळ्यात सोडणारा माणूस शहाणा म्हटला गेला नसता. आणि दीर्घ तापाचे माणूस खाटेवर घेऊन फिरणाऱ्याला दुसरी जागा देणार तरी कोण? अंडे द्यावे तर जागा जाईल, न द्यावे तर बायको जाईल, अशा पेचात मी सापडलो होतो. शेवटी अंडे द्यायचे आणि काकूंना कळू द्यायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले.

स्टेशनच्या रस्त्याला एक मुसलमान बाई टोपलीत भुशावर अंडी मांडून बसत असे. कोंबडीने आजच दिलेली आहेत, असे तिने मला दख्खनीत शपथेवर सांगितले. शपथ ऐकून माझा संशय वाढला. मी एकेक अंडे उन्हाकडे धरून पाहू लागलो, परंतु काय दिसले म्हणजे चांगले आणि काय दिसले म्हणजे वाईट, हेच मला ठाऊक नव्हते. पावाची गोष्ट याहून बिकट होती. पावाचे पीठ पायाने तुडवतात आणि ताडीने फुगवतात, असे लहानपणापासून कानावर आलेले. भट्टीवाल्याच्या दुकानासमोरून मी दोनदा पुढे गेलो आणि तिसऱ्या खेपेस आत शिरलो. पाव वर्तमानपत्रात गुंडाळून घेताना त्या माणसाच्या पायांकडे माझी नजर गेली. पाय स्वच्छ होते, पण त्याने माझे समाधान झाले नाही.

घरात नियम पत्नीने घातले. स्वयंपाकघरातले भांडे या कामाला लावायचे नाही, चुलीला तर हे दाखवायचेही नाही. म्हणून एक लोखंडी तवा, एक पळी आणि चिनी मातीची एक बशी बाहेरून आणली आणि बाहेरच्या, माझ्या अभ्यासाच्या खोलीत पुस्तकांमागे ठेवली. स्टोव्हही तिथेच आणला. विळी वापरता येईना, तेव्हा पेन्सिलीला टोक करण्याच्या चाकूने मी पावाचे काप केले. देवाच्या निरांजनात जाणारे तूप नको, गोडेतेल घ्या, असेही तिने बजावले. सारे आयुष्य मी आयत्या ताटावर बसून जेवलेला माणूस. तेल किती तापले म्हणजे तापले, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पहिले अंडे मी तव्याच्या कडेवर इतक्या हलक्या हाताने आपटले की त्याला काहीच झाले नाही. दुसऱ्यांदा आपटले तेव्हा अर्धे तव्यात आणि अर्धे स्टोव्हवर सांडले. करपलेला वास खोलीभर झाला आणि मी धावत जाऊन अंगणाकडची खिडकी लावून घेतली. दुसरे मात्र तव्यात नीट उतरले. भोवतीचे पाणी हळूहळू पांढरे होत गेले, कडा तपकिरी झाल्या, मधला पिवळा गोळा थरथरत राहिला. मी तवा खाली उतरवला, त्याच तेलात पावाचे काप दोन्ही बाजूंनी शेकले, वर मीठ-मिरपूड टाकली आणि बशी आतल्या खोलीत खाटेपाशी नेली.

"ह्यात जीव होता का हो?" तिने विचारले.

मी म्हणालो, डॉक्टर म्हणतात, नव्हता. हे सांगताना माझा आवाज मलाच खोटा वाटला. तिने डोळे मिटून पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "लग्नानंतर तुमच्या हातचं पहिलं अन्न, आणि तेही असलं." त्या दुखण्यात तिला हसताना मी तेव्हा प्रथम पाहिले.

त्या दिवसापासून काकूंची प्रत्येक हालचाल मला अर्थपूर्ण वाटू लागली. गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की त्या अंगणात सडा घालीत. आता सड्याला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, अशी माझी खात्री झाली. त्या तुळशीपाशी उभ्या राहत ते तोंड आमच्या खिडकीकडे करून. एकदा त्यांनी सहज विचारले, "मास्तर, सकाळी सकाळी काय भरभरतंय हो तुमच्यात?" मी म्हणालो, चहा करतो. "चहा, आणि बाहेरच्या खोलीत?" एवढे बोलून त्या आत गेल्या, आणि त्या आत का गेल्या याचा मी शाळेत पहिला तास संपेपर्यंत विचार करीत होतो. टरफले मी कागदात बांधून शाळेला जाताना नेत असे आणि पार ओढ्यापलीकडे टाकीत असे. वाटेत एखादे कुत्रे मागे लागले तरी ते काकूंनीच पाठवले असावे असे वाटे.

टरफलांची सोय झाली, पण वासाची होईना. यावर उपाय पत्नीने काढला. खाटेवरून ती म्हणाली, की वास घालवण्यापेक्षा त्याच्यावर दुसरा घाला. फोडणीचा वास आला तर कुणी नाक वर करीत नाही. आमचा डबा खाणावळीतून येई आणि त्यातली एखादी भाकरी रोज उरे. तेव्हा बशी तिच्या हाती दिली की मी लगेच नव्या पळीत तेल घेई, मोहरी आणि सढळ हाताने हिंग टाकी आणि ती फोडणी शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्यावर ओती. हिंगाचा तो घमघमाट खिडकीतून अंगणात गेला की मला धीर येई. कुस्करा मीच खाई. पुढे पुढे तो मला आवडूही लागला. पत्नीच्या गालांवर किंचित रंग येऊ लागला होता, आणि आपण दोघांनी एका चतुर बाईला हुलकावणी दिली, असे मी मनात म्हणू लागलो होतो.

असे चालले असता एके सकाळी मी फोडणी ओतली आणि दारात सावली पडली. काकू उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. त्या सोवळ्यात होत्या, त्यामुळे आत येणार नव्हत्या. पत्नीची बशी त्या दिवशी अजून स्टोव्हपाशीच होती; तिच्यावर मी हाताशी आलेले पातेले घाईने पालथे घातले.

"मास्तर," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "आज फोडणी?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, रोज करतो, कुस्करा असतो.

"रोजचं ठाऊक आहे की. आज एकादशी आहे."

घरात पंचांग पाहणारी पत्नी, आणि तीच दोन महिने अंथरुणावर. एकादशी मला कळत असे ती ताटात भाकरीच्या जागी वऱ्याचे तांदूळ दिसले म्हणजे. उपासाला हिंग-मोहरीची फोडणी चालत नाही, हे तर मला ठाऊकच नव्हते. ज्या वासाने रोज घर झाकले होते, त्याच वासाने आज सबंध अंगणाला हाक मारली होती. काकूंची नजर माझ्या ताटावरून स्टोव्हवर गेली, स्टोव्हवरून पालथ्या पातेल्यावर गेली आणि तिथे थांबली.

तेवढ्यात आतून पत्नीचा क्षीण आवाज आला. "ह्यांनी एकादशी सोडलीय, काकू. मी आडवी पडल्यापासून देवाचं नावच घेत नाहीत."

काकूंनी माझ्याकडे पाहिले. "बायको आजारी पडली म्हणून देवावर रुसलात होय?"

मी मान हलवली. ती होकारार्थी होती, एवढेच आठवते. पातेल्याखाली काय आहे, हे त्यांनी विचारले नाही आणि मला तेच जास्त भयंकर वाटले. जाताना त्या म्हणाल्या, की पोर अशक्त आहे, तिनं काय खावं ते खावं, पण धडधाकट पुरुषाला हे शोभत नाही.

दुपारी त्यांनी माझ्यासाठी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी पाठवली नाही, स्वतः आणली. आणि मी पहिला घास घेईपर्यंत त्या उंबऱ्याबाहेर थांबल्या. त्यानंतरच्या प्रत्येक एकादशीला हे होत राहिले. माझ्या नास्तिकपणाची वार्ता गल्लीत पसरली. शाळेतल्या शास्त्र्यांनी मला बाजूला घेऊन श्रद्धेविषयी दोन शब्द सांगितले, ते मी खाली मान घालून ऐकून घेतले. अंडी चालूच होती. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. काकू आता स्टोव्हचा आवाज थांबेपर्यंत अंगणात येतच नसत. पत्नी म्हणे, तुमच्या मनाचे खेळ आहेत. मला वाटे, त्या वाट पाहत आहेत. पावसाळ्यात ट्रंक बाहेर टाकणे बरे दिसणार नाही, म्हणून त्या थांबल्या असतील. मी दोन निराळ्या पेठांत जाऊन गुपचूप जागा पाहूनही आलो.

श्रावण संपता संपता काकूंनी निरोप पाठवला, की दोघेही येऊन जा. मी कोट चढवला. काय बोलायचे ते मनात जुळवून ठेवले; त्यात क्षमा होती आणि महिनाअखेरपर्यंतची मुदतही होती. पत्नी माझ्याबरोबर अंगण ओलांडून आली. काकू ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी तिला आपल्याजवळ बसवले आणि तिचा दंड चाचपून पाहिला.

"मूठभर मांस आलं की गं अंगावर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाल्या, "दसऱ्याआधी तुमच्या खोल्यांना चुना काढून घेते. बाहेरच्या खोलीचं आढं पार काळं झालंय धुरानं. आता तिथं काही करावं लागायचं नाही, नाही का?"

"नाही, काकू," पत्नी म्हणाली. "आता मीच चुलीशी बसेन."

"बरं झालं," म्हणून त्यांनी पुढची वात हाती घेतली.

परत येताना अंगणाच्या मध्यावर मी हळूच विचारले, काकूंना सगळे ठाऊक होते काय? पत्नी म्हणाली, "कोणतं?" आणि ती माझी वाट न पाहता पुढे निघून गेली. आडाजवळच्या ओल्या फरशीवर तिचा पाय घसरेल म्हणून मी हात पुढे केला होता, पण तोवर ती आमच्या दारात पोहोचली होती.