फळ्यावरची काच

काचवाला फळ्याची मापं घेत होता आणि नेनेकाका त्याला सूचना देत होते. "चारों तरफ सागवान की फ्रेम, और एक छोटा ताला. कोई छुए नहीं." काका आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष, निवृत्त वकील. काशीतल्या जुन्या मराठी घरातले. मी बाजूला उभा राहून मान हलवत होतो. काच लावावी असं मलाही वाटत होतं.

फळ्यावरचं अक्षर दादाचं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, या संस्थेचा संचालक. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत त्याने ती सुरू केली, तेव्हा बँकेतून व्हीआरएस घेऊन मी ऑफिस सांभाळायला आलो. इथे थिऑरेटिकल फिजिक्स चालतं. प्रयोगशाळा नाही, यंत्रं नाहीत. नुसता विचार करून, गणित मांडून निसर्गाचे नियम शोधायचे. मग तुम्हाला सामान काय लागतं, असं लोक विचारतात. कागद लागतो, खडू लागतो आणि 'हे चुकलं' असं तोंडावर सांगणारा माणूस लागतो. तो मिळणं सगळ्यात अवघड.

तो मिळावा म्हणून दादाने चार वाजताचा चहा ठेवला होता. हजेरी त्याने कधी घेतली नाही. "इथे चहा सक्तीचा आहे, काम नाही," म्हणायचा. चहा फळ्यासमोर व्हायचा. कुणीही उठून लिहावं, कुणीही पुसावं, परवानगी मागू नये. दादाचं लिहिलेलं तर सर्रास पुसलं जाई.

दादा वारला त्याच्या आदल्या दिवशीच्या ओळी मात्र तशाच राहिल्या. शेवटची ओळ थोडी खाली उतरलेली. आधी कुणीतरी फळ्याला हार घातला. मग आमचा शिपाई शिवपूजन रोज उदबत्ती लावू लागला. सकाळी ऑफिस उघडलं की मीही तिथे थोडा वेळ उभा राहत असे.

चहा चालू राहिला. पण गप्पा क्रिकेटच्या, गॅस सिलिंडरच्या. पुढे जो तो कप घेऊन आपापल्या खोलीत जाऊ लागला.

काचवाला गेला त्याच दुपारी केतकी माझ्याकडे आली. ती आमची पोस्टडॉक. म्हणजे पीएच.डी. झाल्यावर पक्की नोकरी लागेपर्यंत संशोधन करतात, ते पद. दादाबरोबर तीच काम करत होती.

"काका, मला बंगळुरूची ऑफर आहे. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. बहुतेक जाईन."

"पगार जास्त आहे?"

"नाही हो. तिथे लोक भांडतात."

मला कळलं नाही. ती खाली बघत म्हणाली, "सरांच्या तिसऱ्या ओळीत चूक आहे. कधीपासून माहितीये मला."

"मग बोलली का नाहीस?"

"किससे बोलूँ, काका? हार घातलेल्या फळ्याशी भांडायचं कसं?"

संशोधक आमच्याकडे मूठभर. ही गेली की बाकीचेही जागा शोधणार. मग उरणार इमारत, फळा आणि मी. मी नेनेकाकांना फोन लावला.

"फळ्यावर चूक आहे म्हणे."

"कुणाची?"

"दादाची."

"असू दे ना! अक्षर तर त्याचंच आहे." केतकी जायचं म्हणते, फळा मोकळा करू का, असं मी विचारलं. "देख वसंता, तू सख्खा भाऊ. तुला वाटेल ते कर. पर उस वक्त मुझे मत बुलाना."

दुसऱ्या दिवशी चारला मी हार काढला.

"साहब, पाप लगेगा," शिवपूजन म्हणाला.

"लगेगा तो हमको लगेगा. आप चाय लाइए. सबको बुलाइए."

केतकी फळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लिहील अशी माझी कल्पना होती. तिने तिसऱ्या ओळीवर सरळ काट मारली. मी कपात बघत राहिलो.

"गलत काट रही हो," मागून ओझा म्हणाला. तो दुसरा पोस्टडॉक. "वो लाइन ठीक है. गड़बड़ ऊपर है."

"ऊपर कहाँ? दिखाओ!"

"पहले चॉक तो दो."

मग कुणी कुणाचं ऐकेना. जागा कमी पडू लागली, तसं जो तो हाताने पुसून लिहू लागला. दादाच्या अस्थी मी याच गंगेत सोडल्या होत्या, तेव्हा हात थांबला नव्हता. ही शेवटची ओळ जाताना मात्र नीट बघायची, असं ठरवून बसलो होतो. कुणी पुसली ते मला दिसलंच नाही. मान वर केली तेव्हा तिथे ओझाचं काहीतरी होतं आणि चहा गार झाला होता.

शुक्रवार गेला. सोमवारी केतकी दारात उभी. "काका, खडू संपलेत. आणि ओझाला सांगा, चूक तिसऱ्या ओळीतच होती." मी नवा डबा दिला. बंगळुरूचं विचारलं नाही.

मग काचवाला काच घेऊन आला. "बाबूजी, वो लिखावट कहाँ गई?"

मापाची कापलेली काच परत घेणार कोण? ती चहाच्या टेबलावर टाकली. आता त्यावरही स्केचपेनने गणितं असतात, शिवपूजन कुरकुरत संध्याकाळी पुसतो. मागे नेनेकाका आले, कप ठेवायला जागा शोधत राहिले. चूक नक्की कुठे होती यावर अजून एकमत नाही.

कुणी अशी संस्था काढणार असेल तर माझं एवढंच सांगणं. काच घ्यायचीच झाली तर आडवी टाकावी. उभी लावली की माणसं तिच्यापुढे हात जोडतात.