दिवे लागायच्या आत

मार्थामावशीची खानावळ महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर होती. संध्याकाळी जरा लवकर जेवायला गेलं की मावशी हमखास गायब! गॅसवर आमटी बारीक आचेवर रटरटतेय, परातीत पीठ काढलेलं, आणि बाईचा पत्ता नाही. नवा माणूस गोंधळायचा. आम्ही जुनी गिऱ्हाइकं निवांत बाकावर बसून राहायचो. "मावशी माफी मागायला गेल्यात," असं मी सांगितलं की त्याला थट्टा वाटायची. पण ते खरंच होतं.

त्याचं काय, की मावशी भयंकर तापट. सकाळपासून तिची कुणाशी ना कुणाशी जुंपलेली असायची. भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली, गॅसवाला दारातून परत गेला, कुणी ताटात भात टाकून उठला, की तोंडाचा पट्टा सुरू. मी औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये होतो, त्यामुळे माझा तर रोजच उद्धार. "आधी हात धू रे मेल्या! माझ्या आमटीला तुझा वास लागेल!" पण दिवे लागायच्या आत ती पदर खोचून निघायची आणि दिवसभरात ज्याच्यावर ओरडली असेल त्याला गाठायची. "राग नाय ना रे?" एवढंच विचारायची. तो नाही म्हणाला, की आली परत.

"आमच्यात सांगितलेलं हाय," ती म्हणायची, "राग घेऊन निजायचं नाय. आता भांडायचंच नाय, असं पण सांगितलंय म्हणा. ते काय मला जमत नाय. मग निदान हे तरी!"

वसाहतीतल्या पाळ्यांना रविवार नसतो, म्हणून खानावळीलाही नव्हता. महाडातली चार ख्रिस्ती कुटुंबं एका घरात जमून उपासना करायची. मावशी नाश्त्याची गडबड उरकून तिकडे धावायची आणि शेवटचं गीत संपायच्या आत कांदे चिरायला हजर. बाकी तिचं देवाशी जे काही बोलणं व्हायचं ते गॅसपाशीच, तेही डोळे उघडे ठेवून. मी एकदा छेडलं, "मावशी, प्रार्थनेला डोळे मिटतात ना तुमच्यात?"

"मिटले आणि दूध उतू गेलं, तर पुसायला देव येणार हाय, का तू?"

मी ताट पुढे सरकवलं.

मावशी खानावळीतच राहायची आणि शेजारच्या खोलीत राधाबाई. आधी खानावळीतल्या भाकऱ्या तीच करायची. एका दुपारी दोन पाळ्यांची माणसं एकदमच आली, धावपळ झाली आणि एक भाकरी कच्ची राहिली. मावशीनं ती सगळ्यांदेखत कचऱ्याच्या टोपलीत भिरकावली. "राधे, ही काय भाकरी हाय? गुरं पण तोंड लावायची नायत!" मी तिथंच होतो.  राधाबाईनं हात धुतले, पदराला पुसले आणि ती निघून गेली, ती पुन्हा आलीच नाही.

त्या संध्याकाळी मावशी तिच्या उंबऱ्याशी उभी राहिली. "राधा, राग हाय काय गो?" राधाबाईनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ते कायमचंच झालं. अंगात ताप असो, नाताळच्या करंज्यांचं ताट हातात असो, सगळ्यांकडे जाऊन झालं की शेवटी तो उंबरा आणि तोच प्रश्न. कितीतरी वर्षं गेली, उत्तर नाही.

मला ते बघवेना. एकदा म्हटलं, "मावशी, सोडा आता. त्या बाईला काही पाझर फुटायचा नाही."

ती माझ्यावरच उखडली. "तिचं काय चुकलंय रे? तोंड माझं सुटलं, चारचौघांत. तिच्या तोंडून एकदा 'नाय' ऐकू दे, की मी सुटले. मग देवानं बोलावलं तरी खुशाल जाईन!" मधली भिंत पातळ होती. पलीकडे राधाबाईच्या बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या.

मागच्या वर्षी मावशीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. खानावळ बंद पडली. दवाखान्यातून घरी आणल्यावर संध्याकाळी मी भेटायला गेलो. उन्हं उतरली तशी ती कासावीस झाली आणि डाव्या हातानं दाराकडे खुणा करू लागली. तिची मुलगी रूथ घाबरली, "आई, काय पाहिजे?" मला कळलं होतं. आम्ही दोघांनी धरून उठवायला पाहिलं, पण पाय टेकत नव्हते. मला रडू आवरेना.

तेवढ्यात दारात राधाबाई. "कुठं चाललीस? बस तिथं!"

मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग डावा हात जरासा उचलला. तोच प्रश्न.

"हाय," राधाबाई म्हणाली. "अजून हाय राग. उद्या परत इचार." आणि परात ओढून भाकऱ्यांना बसली.

खानावळ पुन्हा सुरू झाली. राधाबाई भाकऱ्या करायची, मावशीला घास भरवायची, वेणीफणीसुद्धा करायची. पण संध्याकाळी तो हात उठला, की उत्तर ठरलेलं. "हाय गो. उद्या इचार." शेवटी मी चिडलो. "राधाबाई, एवढं सगळं करता, मग एकदा नाही म्हणा ना! तुमचं काय जातं?"

तिनं भाकरी उलटली आणि हळूच म्हणाली, "भिंतीपलीकडनं ऐकलंय मी सगळं. नाय म्हटलं की सुटेल ती. मग थांबेल कशाला?"

पावसाळा सरता सरता, एका सकाळी मावशी गेली. दुपारी दफन झालं. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली, आम्ही मूठमूठ माती टाकली आणि लोक परत फिरले. राधाबाई एकटी मागे राहिली. खाली बसली आणि भाकरी थापावी तशी ती ओली माती तळहातानं थापू लागली.

"नाय गो राग," ती म्हणाली. "कवाच गेला. जा आता."

मी तिला हात देऊन उठवलं. दिवे लागायला अजून थोडा अवकाश होता.