हिरव्या नेलपॉलिशचा थेंब

मी डूख धरून ठेवणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणी माझं वाईट केलं तर ते देवावर सोपवून मला झोप लागत नाही. एका माणसावर तर मी जवळजवळ तीस वर्षं दात ठेवून होते. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी तो स्वतःच्या पायांनी नेरूळला माझ्या दारात आला, बगलेत जुना कॉम्प्युटर घेऊन.

मी जुने घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करते. कीबोर्डच्याच पोटात सगळा बोर्ड असलेले, टीव्हीला जोडायचे, कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायचे, ते. शौकीन लोक माळ्यावरून काढून आणतात. हे काम मी वाशीतल्या एका रिपेअरिंगच्या दुकानात शिकले, आणि दारात उभा होता तो त्याच दुकानाचा साहेब.

"अगं, तू?" साहेब म्हणाले. "मला सांगितलं, नेरूळच्या बाईंशिवाय हे कुणाला जमणार नाही."

बाई! याच माणसाने मला दुकानातून कसं हाकललं, ते सांगते.

चिपच्या एका टोकाला बारीक खाच असते. ती खाच बघून चिप सॉकेटमध्ये बसवायची. उलटी बसवून करंट दिला तर चिप मेलीच, वर बोर्डही भाजतो. म्हणून आमच्या दुकानात रीत होती: जो चिप बसवेल त्याने खाचेच्या टोकाशी, सॉकेटवर, नेलपॉलिशचा थेंब ठेवायचा. म्हणजे पुढे कुणाचं काम ते कळतं. प्रत्येकाचा रंग वेगळा. माझा डाळिंबी, साहेबांचा हिरवा. हिरवी बाटली साहेबांच्या खणात असायची, तिला दुसरं कुणी हात लावत नसे.

एका दुपारी गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरची मुख्य चिप मी बसवली, थेंब ठेवला आणि जेवायला गेले. परत येते तर दुकानभर जळका वास. साहेबांनी गिऱ्हाइकादेखत मेलेली चिप माझ्या नाकासमोर नाचवली. "खाच कुठे असते ते कळत नाही, आणि म्हणे डिप्लोमा!" मी म्हटलं, बोर्ड दाखवा, माझा थेंब बघू द्या. बोर्ड कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं, आणि संध्याकाळच्या आत मी रस्त्यावर. वाशीतल्या ज्या ज्या दुकानात नोकरी मागायला गेले, तिथे ही गोष्ट माझ्या आधी पोचलेली.

माझे वडील मार्केटात माथाडी. आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली, पण कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवाळीत ते बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन साहेबांच्या घरी गेले. पोरीची चूक पोटात घाला म्हणाले. वडील वारले ते मला वेंधळी समजूनच. मग आई जायला लागली, दर दिवाळीला, बसने. त्यांच्या मनात राग राहिला तर तुझं कुठं बस्तान बसायचं नाही, असं तिचं म्हणणं. मी भांडले, रुसले, पण ती कसली ऐकते! प्रत्येक वेळी स्टीलचा नवा डबा, त्यावर वडिलांचं नाव कोरलेलं. साहेबांनी लाडू दरवर्षी खाल्ले. डबा एकदाही परत आला नाही.

तर आता साहेब माझ्या खुर्चीत बसलेले, आणि आईने चहा आणला. कप ठेवून ती म्हणाली, "सायेब, तवा पोरीच्या हातनं लय नुकसान झालं बघा तुमचं. मनात नका ठिवू."

"जाऊ द्या हो," साहेब चहा फुंकत म्हणाले. "लहान होती."

त्यांनी मला माफ केलं! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

ते सांगत होते, दुकानातले जुने कारागीर वाशीला हॉल घेऊन त्यांचा सत्कार करताहेत, तिथे हा कॉम्प्युटर चालू करून दाखवायचाय. मी झाकण काढलं. बोर्डावर एक पिवळी वायर होती, तुटलेली रेघ जोडायला माझ्याच हाताने सोल्डर केलेली. त्या दुपारी जळलेला, कपाटात गेलेला तोच कॉम्प्युटर! मुख्य चिपच्या सॉकेटवर दोन थेंब होते. बरोबर टोकाला डाळिंबी. उलट्या टोकाला हिरवा.

मी दिवा जवळ ओढला आणि भिंग साहेबांच्या हातात दिलं.

"बघा."

त्यांनी बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. "मी विसरलोच होतो गं," ते पुटपुटले. "आता एवढ्या वर्षांनी..."

"मला नका सांगू, आईला सांगा. तिला कळेल असं. मग चिप बसेल. नाहीतर बोर्ड असाच उघडा हॉलमध्ये आणते. तुमच्या कारागिरांना सगळ्यांचे रंग पाठ आहेत."

म्हाताऱ्या माणसाशी असं वागताना मला लाज वाटली का? अजिबात नाही. बरं वाटलं, अगदी पोटातून.

साहेब आईकडे न बघता बोलले. "ती चिप हिने नीट बसवली होती. मी तपासायला काढली आणि उलटी बसवली. गिऱ्हाईक समोर होतं. मी हिचं नाव घेतलं."

आईने भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बोट करून विचारलं, "ह्ये लाडू घिऊन तुमच्या दारात आलं, तवा तुमास्नी ठावं हुतं?"

"हो."

मला वाटलं आई रडेल. तिने साहेबांसमोरचा अर्धा चहा उचलला आणि मोरीत ओतला. बाहेर येऊन म्हणाली, "माझं डबं आणून द्या. समदं. ह्येंचं नाव हाय त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी साहेब रिक्षाने डबे घेऊन आले. काहींत त्यांच्या घरची डाळ होती, ती आईने त्यांच्याच पिशवीत ओतून दिली. मग एकेक डबा घासला, पुसला, आणि सगळ्यात जुना डबा वडिलांच्या फोटोपुढे ठेवला.

"आवं, ऐकलंसा का," ती फोटोला म्हणाली, "पोरीनं खाच बराबर बघितली हुती."

साहेब दाराशी उभेच होते. तेव्हा कुठे मी नवी चिप हातात घेतली.