मैत्रिणीच्या दादाचा रविवारचा दवाखाना

सर्व्हर बिघडला की आधी तो सांभाळणाऱ्या माणसाला बोलते करावे, असे मानणारा माझ्या परिचयात एकच मनुष्य आहे, आणि तो म्हणजे माझ्या मैत्रिणीचा थोरला भाऊ. वसईजवळच्या गिरीज गावात, केळीच्या वाडीला लागून असलेल्या त्यांच्या ओट्यावर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की आसपासच्या गावांतली डेटाबेस सांभाळणारी मंडळी आपापली दुखणी घेऊन जमत. दादा स्वतः अंधेरीतल्या एका कंपनीत हेच काम करी. ओट्यावर मात्र तो संगणकाला हात लावत नसे. केळीची सुकलेली पाने कोयत्याने उतरवता उतरवता तो नुसता ऐकत असे. ‘अचानक’ हा शब्द तिथे निषिद्ध होता. आगाशीचा एक मित्र एकदा म्हणाला, “अचानक स्लो झाला रे.” दादा पान कापता कापता म्हणाला, “अचानक फक्त पाहुणे येतात. काल सर्व्हरला कोणी हात लावला, ते बोल.” मित्र सांगू लागला, मध्येच थांबला, कपाळावर हात मारला आणि चहा तसाच टाकून पळाला. क्रमाने सांगताना गाळलेली पायरी दिसते, हा यावर माझा शास्त्रीय निष्कर्ष. दादाचा वेगळा होता: “बाय, माणूस एकटा पडला की चुकतो.”

इंटरनेटवरच्या मंचावर तो परदेशातल्या अनोळखी लोकांनाही एका बोटाने टाइप करून सल्ले देई. पण आधी विचारी, जेवलात का? उपाशी माणसाने काहीही डिलीट करू नये, हे त्याचे ठाम मत. नॉर्वेच्या एका गृहस्थाने कळवले होते, की जेवण उत्तम झाले, अडचण जागच्या जागी आहे.

मी तेव्हा वसईतल्या एका लहान रुग्णालयाचा सर्व्हर एकटीने सांभाळत होते. मैत्रिणीच्या लग्नाच्या दिवशी, मी रेशमी साडी नेसून निघणार तोच रुग्णालयातून फोन आला, आणि मी तशीच तिकडे धावले. डिस्क पूर्ण भरली होती, डेटाबेस एकही नवी नोंद घेत नव्हता आणि तपासणीचे अहवाल अडले होते. प्रयोगशाळेतले सर घाईला आले होते. “मॅडम, ती मोठी लॉग फाइल उडवा ना! जागा होईल.” डेटाबेस प्रत्येक बदल आधी त्याच फाइलमध्ये टिपतो; ती गेली तर रुग्णांच्या सगळ्या जुन्या तपासण्याही हाती लागतीलच याची खात्री नव्हती. तरी माझे बोट बटणावर गेले होते. मी दादाला फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

“जेवलीस?”

“दादा, तुझ्या बहिणीचं लग्न आहे!”

“ते मला ठाऊक आहे गं. त्या डिस्कवर आणखी काय काय आहे, वाच.”

मी वाचत गेले. चौथ्या-पाचव्या नावाला माझाच आवाज अडखळला. माझ्याआधी हे काम करणाऱ्या माणसाने बॅकअपच्या जुन्या प्रती त्याच डिस्कवर साठवत ठेवल्या होत्या.

“पुसू नकोस, दुसरीकडे हलव,” दादा म्हणाला. आगाशीच्या मित्राला त्याने भरल्या ताटावरून उठवले. तो सुटाबुटात, मोकळी हार्ड डिस्क पिशवीत घेऊन स्कूटरवरून आला. “तुझ्यामुळे माझं ताटातलं सोरपोतेल गेलं,” एवढेच तो बोलला आणि माझ्याशेजारी बसून राहिला. प्रती हलल्या, जागा झाली, अहवाल छापून येऊ लागले.

आम्ही गिरीजला पोहोचलो तोवर वरात गेली होती. मैत्रिणीला नवरीच्या वेशात मी पाहिलेच नाही. मांडवात दादा एकटाच खुर्च्या एकावर एक रचत होता.

“चाललं?” त्याने विचारले.

“चाललं. एकही नोंद गेली नाही.”

“बरं झालं.” हातातली खुर्ची रचून तो म्हणाला, “जाताना ती तुला शोधत होती. मी सांगितलं, कामात आहे, येईल. मग मलाच म्हणाली, दादा, तू नीट जेवत जा.” कोट काढून त्याने खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि घराच्या उघड्या दाराकडे पाहत राहिला.

मी पदर खोचला आणि खुर्च्यांची दुसरी रांग उचलायला घेतली.